एकोणीसशे सहाचा करकोचा

६ जानेवारी

साडूभाऊ,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर पाहून दचकला असाल, तर आधी सांगतो, घरी सगळे ठीक आहेत. फोन केला नाही, कारण आपल्या दोघांच्याही बायकांना फोन स्पीकरवर टाकून बोलायची सवय. ही म्हणेल, "झालं, पुन्हा भाऊजींना कामाला लावलंत!" आणि काम तर आहेच.

गेल्या वर्षी बंदरावरच्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून मी जुनी एकनळी दुर्बीण घेतली, तुम्ही पाहिली आहे. दुकानदार तिला स्पॉटिंग स्कोप म्हणतात. ती तिकाटण्यावर लावून मी रोज ग्रंथालय बंद झालं की जलाशयावर जातो. यंदा पलीकडच्या गाळाच्या पट्ट्यावर एक करकोचा येतो. एकटाच. त्याच्या उजव्या पायात, गुडघ्याच्या वर, पांढरं कडं आहे आणि कड्यावर काळे इंग्रजी आकडे. आकडे आहेत एवढं कळतं, कोणते ते कळत नाही. डोळ्याला पाणी येतं, मग वारा सुटतो, मग करकोचा पाय बदलतो.

फोटो काढता आला तर घरी बसून निवांत वाचता येईल. मोठ्या भिंगाचा कॅमेरा आपल्या आवाक्यातला नाही. मुलीनं टाकून दिलेला खिशात मावणारा कॅमेरा आहे, तो दुर्बिणीच्या डोळ्याला लावला तरी काम होतं म्हणे. दुकानात तशी जोडणी मिळते. किंमत ऐकून मला वाटलं, तो माणूस दुर्बिणीसकट सांगतोय.

मग स्वतःच केली. बरणीचं झाकण, त्याला भोक, रबरबँड, वर चिकटपट्टी. एका संध्याकाळी एकतीस फोटो निघाले. एकोणतीस काळे, एक माझ्या अंगठ्याचा, आणि एक करकोच्याचा, ज्यात करकोचा नाही.

तुमच्या कारखान्यात लेथ आहे, तुकडे पडलेले असतात, आणि तुमचे हात आहेत. एक कडं करून द्याल का? एका बाजूनं दुर्बिणीवर बसेल, दुसऱ्या बाजूनं कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती. दुर्बिणीच्या डोळ्याभोवती दोरा गुंडाळून माप घेतलंय, तो दोराच सोबत पाठवतो. एक कडं वाचायला दुसरं कडं!

आणि काळजी नको, यंदाचा पक्षी एकोणीसशे सहा सालचा निघणार नाही.

तुमचा,
धाकटा साडू


१४ जानेवारी

ग्रंथपाल यांस,

नमस्कार. दोरा मिळाला. दोऱ्यानं माप घेत नाहीत. दोरा ताणला की खोटं बोलतो. सुतावरून स्वर्ग गाठता येतो म्हणतात, भोक पाडता येत नाही.

कागदाची पट्टी घ्या. दुर्बिणीच्या डोळ्याभोवती एकच वेढा द्या, टोकं जिथे जुळतात तिथे ब्लेडनं कापा आणि पट्टी पाठवा. कॅमेऱ्याच्या भिंगाचंही तसंच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कॅमेरा चालू करून दुर्बिणीसमोर हातात धरा आणि पुढेमागे करा. पडद्यावर आधी काळ्या चौकटीत छोटं गोल दिसेल. ते गोल जिथे सगळ्यात मोठं होतं तिथे थांबा आणि दोन काचांमधलं अंतर मोजा. सगळा खेळ त्या अंतराचा आहे. मिलिमीटरभर चुकलं तर मला बोल लावायचा नाही.

आता एकोणीसशे सहाबद्दल. तुम्ही सहज लिहून गेलात, म्हणून मीही सहज लिहितो.

अकरा वर्षांपूर्वी तुमच्याच घरी पाहुणा असताना, त्याच जलाशयावर, मी करकोच्याच्या पायातलं कडं वाचलं होतं. माझ्याकडे तुमच्यासारखी दुर्बीण नव्हती. जमीन मोजायच्या जुन्या यंत्राची नळी भंगारातून उचलली होती. तिच्यातून जग उलटं दिसतं, डोकं खाली, पाय वर. मला तिची इतकी सवय होती की उलटं आहे हेही जाणवायचं नाही. त्या कड्यावर 1906 होतं. मी वहीत लिहिलं. तुम्ही पक्षीमंडळाचे चिटणीस, तुम्ही कडी घालणाऱ्या कार्यालयाला कळवलंत. उत्तर आलं की हा आकडा कधी घातलेलाच नाही. तुम्ही ते सासऱ्यांकडे जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना सांगितलंत आणि वर म्हणालात, "करकोचा एकोणीसशे सहा सालचा असेल, तेव्हा कार्यालय उघडलं नव्हतं." सासरेबुवांना हसून ठसका लागला. तेव्हापासून मेहुणा मला नावानं हाक मारत नाही, 'एकोणीसशे सहा' म्हणतो.

मी जे पाहिलं ते पाहिलं. असो.

तुमचा हेवा वाटतो म्हणून हे लिहितोय असं समजू नका. तुमचं काम पाचला संपतं आणि जलाशय दारात आहे, एवढंच. माझ्या दारात पंपांचे सांगाडे आहेत.

थोरला


१९ जानेवारी

साडूभाऊ,

तुमचं पत्र वाचून ओशाळलो. जीभ घसरते तसं पेनही घसरतं. विनोद जुना झाला की माणूस विसरतो, तो कुणाच्या अंगावर आहे.

पट्ट्या सोबत आहेत. एकीवर 'दुर्बीण', दुसरीवर 'कॅमेरा' असं लिहिलंय, नाहीतर मीच गोंधळ घातला असता. अंतर तुम्ही सांगितलं तसं मोजलं. मी कॅमेरा धरला, हिनं पट्टी लावली. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा नऊ मिलिमीटर आलं. आमच्या दोघांचं एकमत होण्याची या महिन्यातली ही पहिलीच वेळ.

करकोचा रोज साडेपाचच्या सुमाराला येतो. बाकीचे थव्यानं चरतात, हा बाजूला एका पायावर उभा, आणि कड्याचा पाय नेमका बाहेर. मुद्दाम दाखवतो, वाचून दाखव म्हणून.

तुमच्या कड्याची वाट पाहतो.

धाकटा


३० जानेवारी

ग्रंथपाल यांस,

कडं पाठवत आहे. नायलॉनचं आहे, दुर्बिणीला ओरखडा येणार नाही. आतून मखमलीची पट्टी चिकटवली आहे. बाजूला तीन बारीक स्क्रू आहेत, तिन्ही सारखे आवळा, एकच आवळाल तर तिरकं बसेल. खालची पट्टी कॅमेऱ्याच्या तळाच्या भोकात बसते. कॅमेऱ्याचं बटण बोटानं दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि हात काढून घ्या. बोटाच्या धक्क्यानं तिथे पलीकडे करकोचा नाचतो.

थोरला

ता. क. भाऊजी, ही मी. पाकीट बंद करून टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून चार ओळी. कसे आहात? धाकटीला सांगा, निळी शाल मिळाली. आमच्याकडे मागच्या रविवारी माझ्या भावाचा फोन होता. एप्रिलमध्ये बाबांना ऐंशी पूर्ण होतात, तर तुमचा करकोच्याचा फोटो मोठा करून, आकड्यासकट फ्रेम करून बाबांना द्यायचा त्याचा बेत आहे. म्हणाला, "घरात एक तरी खरा आकडा लागू दे." हे ऐकत होते. त्या रात्री कमी जेवले. ह्यांनी कडं मात्र मन लावून केलंय. एक नव्हे, दोन केली. पहिलं शनिवारीच तयार होतं, मला किती कौतुकानं दाखवलं! मग सोमवारी पुन्हा दुसरं केलं. तेच पाठवलंय. ह्यांचं समाधान होणं कठीण, तुम्हाला माहीत आहेच. – ताई


१० फेब्रुवारी

साडूभाऊ,

कडं पोचलं. काय वस्तू केलीय! हिनं ती बांगडीसारखी हातात धरून उजेडात फिरवून पाहिली आणि म्हणाली, "हे कपाटात ठेवा, त्या चिखलात नेऊ नका."

पण फोटो येत नाहीत. येतात, पण चावीच्या भोकातून पाहिल्यासारखे. मधे छोटं गोल, भोवती सगळा काळोख, आणि त्या गोलावरही कडेनं सावली सरकते. झूम वाढवला तर काळं जातं, पण चित्र अंधारतं आणि हलतं. टायमर लावतो. स्क्रू तिन्ही सारखे आवळतो. एकदा तर श्वासही रोखून धरला, कॅमेऱ्याला त्याचं काय पडलंय कुणास ठाऊक.

तुमच्या हातून चूक होणार नाही. तीस वर्षांत तुमच्या हातचं एखादं भोक सूतभर हललेलं कुणी पाहिलं नाही. म्हणजे माझंच माप चुकलं असणार. नऊ म्हणून मी काय मोजलं देव जाणे.

तुम्ही दोन कडी केल्याचं ताईंनी लिहिलंय. पहिलं सरावाचं असेल.

करकोचा अजून येतो. मी त्याला रोज सांगतो, थांब बाबा, आमचं जरा चुकतंय.

धाकटा


१७ फेब्रुवारी

ग्रंथपाल यांस,

पहिलं कडं बिघडलेलं होतं. फेकून दिलं.

ऊन पाठीशी असेल तेव्हा काढा. झूम थोडाच वाढवा. तिकाटणं जड करा, खाली विटांची पिशवी टांगा. कॅमेरा जुना आहे, त्याच्याकडून फार अपेक्षा नको. फोटो नाही आला तर नाही आला. पूर्वी लोक डोळ्यांनी पाहायचे आणि त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला जायचा. निदान काहींच्या.

करकोचे परत कधी जातात?

थोरला


१ मार्च

साडूभाऊ,

करकोचे दहा मार्चच्या आसपास जातात. जाण्याची लगबग सुरू झालीय. दुपारी वर घिरट्या घालतात, उंची मोजतात आणि पुन्हा उतरतात.

विटांची पिशवी टांगली. दोनशेवर फोटो काढले असतील. त्यातला सगळ्यात बरा मोठा करून छापून आणला, सोबत आहे. कडं दिसतं. चार आकडे आहेत हे नक्की. शेवटचा सरळ उभा आहे, तो 1. पहिल्याचं डोकं गोल आहे, 9 किंवा 8. मधले दोन म्हणजे सावली आणि थरथर यांची खिचडी.

हा फोटो तुमच्याकडेच ठेवा. टेबलावर पडू द्या. येता-जाता नजर टाका, या बाजूनं, त्या बाजूनं. तुमच्या डोळ्याला काही दिसलं तर कळवा. माझ्यापेक्षा तुमचा डोळा चांगला आहे, असं मी आज पहिल्यांदाच लिहितोय, आणि गंमत म्हणून लिहीत नाही.

धाकटा


७ मार्च

ग्रंथपाल यांस,

हे पत्र आणि सोबतचं पार्सल सगळ्यात जलद टपालानं पाठवतोय. आधी पार्सल उघडा. त्यात ते पहिलं कडं आहे. फेकलं नव्हतं. माझ्या कपाटात, मोजे ठेवतो त्या खणात होतं. आधीचं काढा, हे बसवा आणि लगेच जलाशयावर जा. पत्र परत आल्यावर वाचलंत तरी चालेल.

आता ऐका.

तुमचा फोटो मी लेथशेजारच्या फळीवर ठेवला होता. काल यंत्राला तेल द्यायला मी पलीकडच्या बाजूला गेलो. मान वर केली तर फोटो समोर होता, माझ्याकडे डोकं करून, म्हणजे उलटा. आणि त्या उलट्या कड्यावर पहिला आकडा 1 होता, आणि शेवटचा 6.

तेलाचा डबा हातातून पडला. सगळे बघायला लागले. मी म्हटलं, काही नाही, हात घसरला. त्या कारखान्यात माझा हात घसरल्याचं कुणी ऐकलेलं नाही, म्हणून आणखी बघायला लागले.

घरी येऊन जुनी वही काढली. 1906 असं कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि कागद फिरवला. तुम्हीही फिरवून पाहा. 9061 होतं. त्या नळीत सगळं उलटं दिसायचं. पक्षी मी डोक्यात आपोआप सरळ करून घ्यायचो. आकडा करायचा राहिला, कारण तो उलटाही सरळच वाचता येत होता. 2 असता, 7 असता, तर कळलं असतं.

तुमच्या गाळावर उभा आहे तो माझा करकोचा आहे.

आणि त्याचा फोटो नीट येत नाही तो माझ्यामुळे. तुमचं माप बरोबर होतं. नऊ. पहिलं कडं मी नऊचंच केलं होतं. मग मेहुण्याचा फोन आला. खरा आकडा, फ्रेम, सासरेबुवांची भिंत. त्या भिंतीवर माझ्या हातानं ठोकलेला खिळा आहे, त्यावर तुमचा फोटो लागणार, आणि माझ्याच कड्यातून काढलेला. सोमवारी कारखान्यात गेलो आणि दुसरं कडं केलं. बारा मिलिमीटरचं. चुकून नाही. मोजून तीन जास्त. कॅमेरा दुर्बिणीपासून तेवढा लांब राहिला की चित्र मरतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

हेवा वाटत नाही असं मी जानेवारीत लिहिलं होतं. ते खोटं होतं. तुमच्या दुर्बिणीचा वाटतो, जलाशयाचा वाटतो, तुम्ही बोललात की लोक हसतात त्याचा वाटतो, आणि तुम्ही काही पाहिलंत की लोकांना ते खरं वाटतं, त्याचा सगळ्यात जास्त. दुसऱ्याचं चित्र मारायला गेलो आणि स्वतःचीच साक्ष पुसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तुम्ही लिहिलंत, तुमच्या हातून चूक होणार नाही. ते वाक्य महिनाभर पोटात घेऊन फिरतोय.

आता जा. ऊन पाठीशी घ्या.

थोरला


१४ मार्च

साडूभाऊ,

पार्सल अकरा तारखेला मिळालं. तुमच्या सांगण्याप्रमाणे आधी जलाशयावर गेलो. कडं असं बसलं की दुर्बिणीबरोबर जन्माला आलं असावं. काळं वर्तुळ नाही, सावली नाही. पलीकडच्या काठावरच्या गवताचं एकेक पातं मोजता येईल असा फोटो आला. सोबत पाठवतो. गवत आहे, गाळ आहे, पक्ष्यांच्या पायांचे ठसे आहेत.

करकोचे नऊ तारखेला गेले.

मग घरी येऊन तुमचं पत्र वाचलं. आणि आता मला लिहायचं आहे ते दोन महिन्यांपूर्वीच लिहायला हवं होतं. दोन महिने काय, अकरा वर्षांपूर्वी.

तुमचं आधीचं कडं बारा मिलिमीटरचं आहे हे मला फेब्रुवारीतच कळलं होतं. ताईंच्या ओळी वाचून मी ते मोजलं. तुम्हाला जाब विचारायचा हक्क मला वाटला नाही. मला वाटलं, यांना कळलं, आणि हा त्याचा सूड आहे. काय कळलं ते सांगतो. सोबत एक जुना कागद आहे, कार्यालयाचं अकरा वर्षांपूर्वीचं पत्र. त्यातलं पहिलं वाक्य मी टेबलावर वाचलं होतं: 1906 हा आकडा कोणत्याही पक्ष्याला घातलेला नाही. दुसरं वाक्य वाचलं नव्हतं. ते असं आहे: "आकडा उलट बाजूनं वाचला गेला असण्याची शक्यता आहे, तरी कृपया निरीक्षकांना विचारून पुन्हा कळवावे."

मी विचारलं नाही. कळवलं नाही. पत्र फायलीत घातलं.

का, ते आठवतं मला. त्या दिवशी सकाळी तुम्ही सासऱ्यांच्या स्वयंपाकघरातला गळका नळ बसवला होता. खुर्चीचा पाय तुमचा, खिडकीची कडी तुमची, जिन्याचा कठडा तुमचा. सासरेबुवा दर पाच मिनिटांनी म्हणत होते, "याच्या हातात जादू आहे." मला साधा खिळा ठोकता येत नाही. पहिलं वाक्य वाचल्यावर माझ्या तोंडून तो विनोद निघाला, ते ठसका लागेपर्यंत हसले, आणि मी दुसऱ्या वाक्यावर घडी घातली. त्या घरात माझ्या हातचं एवढंच होतं, एक विनोद. तो मोडवेना.

या वर्षी दुर्बिणीतून तो शेवटचा 1 दिसला तेव्हाच मला शंका आली. तुमच्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. म्हणून फोटो पाठवला आणि लिहिलं, या बाजूनं, त्या बाजूनं बघा. वाटलं, तुम्हीच ओळखाल आणि मला सांगावं लागणार नाही. ओळखलंत. सांगावं लागलंच.

धाकटा


२९ मार्च

ग्रंथपाल,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि कामावर गेलो. त्या दिवशी माझ्या हातून दोन पंपांची झाकणं वाया गेली. साहेबांनी विचारलं, बरं नाही का? म्हटलं, आज अकरा वर्षांचं दुखतंय.

हिशेब मांडायचा नव्हता, पण मांडला गेला. माझे तीन मिलिमीटर दीड महिन्याचे. तुमचं एक वाक्य अकरा वर्षांचं.

थोरलीला सगळं सांगितलं, माझं आणि तुमचं. ती आधी तुमच्यावर चिडली, मग माझ्यावर, मग म्हणाली, "बाबांनी दोन जावई निवडले, अक्कल एकाचीच आली, तीही अर्धी-अर्धी वाटून." मला हसू आलं नाही. अजून आलेलं नाही.

मला एकच गोष्ट हवी आहे. सासऱ्यांच्या वाढदिवसाला त्याच टेबलावर ते पत्र वाचा. पूर्ण. मी येणार नाही, थोरली येईल. मी असलो तर लोक माझ्या तोंडाकडे बघतील. मला त्यांनी तुमच्या तोंडाकडे बघायला हवं आहे.

थोरला


२० एप्रिल

साडूभाऊ,

वाचलं.

काय झालं ते ताईंनी सांगितलं असेलच, तरी मी लिहितो, कारण माझ्या बाजूनं ते वेगळं दिसत होतं. केक कापून झाला. मेहुण्यानं नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "आमचे एकोणीसशे सहा कुठे आहेत?" मी उभा राहिलो. सगळे आधीच हसायला लागले, त्यांना वाटलं, आता पुढचा विनोद. मी दोन्ही वाक्यं वाचली. मग प्रत्येकाला कागद दिला, 1906 लिहायला लावलं आणि कागद फिरवायला सांगितला. मुलांना आधी कळलं. सासरेबुवांनी कागद फिरवला, पुन्हा फिरवला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा फिरवला. मग मला विचारलं, "हे दुसरं वाक्य इतकी वर्षं कुठे होतं?"

मी म्हटलं, "माझ्या फायलीत."

 मला वाटायचं, बोलणं ही माझी कला आहे. त्या टेबलावर मी केकवरची मेणबत्ती सरळ करत राहिलो. शेवटी सासरेबुवाच म्हणाले, "त्याची अकरा वर्षं झाली. आता पुढची अकरा तुमची." मेहुण्यानं मला तिथल्या तिथे नवं नाव ठेवलं. 'शेवटचं वाक्य.' पानावर बसताना हाक आली, "शेवटचं वाक्य, इकडे सरका." धाकटीही हसली. माझी बायको, साडूभाऊ!

आता महत्त्वाचं. मार्चमध्येच मी कार्यालयाला लिहिलं होतं. तुमच्या वहीच्या पानाची प्रत ताईंकडून मागवून घेतली आणि यंदाच्या फोटोसकट पाठवली. उत्तर काल आलं, मूळ पत्र सोबत आहे. या वेळी दुसरं वाक्यही वाचा. 9061 हे कडं तेरा वर्षांपूर्वी एका पिल्लाच्या पायात घातलं होतं. तेव्हापासून त्याची एकही खबर नव्हती. आता दोन नोंदी झाल्या. पहिली अकरा वर्षांपूर्वीची, निरीक्षक तुम्ही, शेरा 'पूर्ण वाचलेले'. दुसरी यंदाची, निरीक्षक मी, शेरा 'अंशतः वाचलेले', कारण फोटोत मधले दोन आकडे दिसत नाहीत.

माझ्या नावापुढचा तो 'अंशतः' पाहून पोटात दुखलं, हे लपवत नाही. लपवायचं आता सोडून दिलंय.

भिंतीवरच्या त्या खिळ्यावर सासरेबुवांनी तुमच्या वहीचं पान लावलंय. माझ्या गवताचा फोटो मेहुण्यानं स्वतःकडे ठेवून घेतला. म्हणतो, करकोचा नसला तरी फोटो छान आहे.

धाकटा


२ मे

ग्रंथपाल,

कार्यालयाचं पत्र मिळालं. माझं नाव वर, तुमचं खाली. वाचून बरं वाटलं. पुन्हा वाचलं, पुन्हा बरं वाटलं. तिसऱ्यांदा वाचताना थोरलीनं हातातून काढून घेतलं.

मग तुमच्या पत्रातलं ते टेबल डोळ्यांसमोर आलं. तुम्ही सगळ्यांसमोर उभे राहिलात. मी माझा गुन्हा पाकिटात घालून जलद टपालानं पाठवला. उभं राहणं मला जमलं नसतं. म्हणजे बघा, आता मला त्याचाही हेवा वाटतोय. या रोगाला औषध नाही.

तुमच्या नावापुढचा 'अंशतः' माझ्या तीन मिलिमीटरांचा आहे. तो तसा राहिला तर मला झोप लागणार नाही, आणि सासरेबुवांचा कठडा हलायला लागला तरी मी दुरुस्त करणार नाही. म्हणून येत्या जानेवारीत रजा टाकून येतो. करकोचा आला तर ठीक, नाही आला तर चहा पिऊ. बारा मिलिमीटरचं कडं धाकटीला द्या, तिला बांगडी म्हणून आवडलं होतं. नऊचं कोरड्या जागी ठेवा, उन्हात ठेवू नका, नायलॉन फुगतं.

दुर्बीण तुम्ही लावा, कडं मी बसवीन, स्क्रूला तुम्ही हात लावायचा नाही. टायमरचं बटण मात्र तुम्ही दाबा. मी शेजारी उभा राहून जळेन. त्याची मला सवय आहे.

थोरला